दप्तर गेले की दावा गेला

मार्च महिन्याचा दुसरा आठवडा कोलकात्याच्या दप्तरांच्या इतिहासात दोनदा नोंदला गेला आहे. पहिली नोंद ११ मार्च १८९१ ची. कलकत्ता तेव्हा हिंदुस्थानची राजधानी होती. तेथील इंपीरियल सेक्रेटरिएटच्या इमारतीत त्या दिवशी इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट नावाचे खाते सुरू झाले. आज दिल्लीत असलेले राष्ट्रीय अभिलेखागार ते हेच. दुसरी नोंद ८ मार्च २०२१ ची. त्या संध्याकाळी स्ट्रँड रोडवरील न्यू कोयलाघाट या रेल्वेच्या उंच इमारतीत तेराव्या मजल्यावर आग लागली. पूर्व रेल्वे आणि दक्षिण पूर्व रेल्वे या दोन्हींच्या कचेऱ्या त्या इमारतीत होत्या. नऊ जणांचा बळी गेला. त्यात अग्निशामक दलाचे चार जवान होते, पोलीस होता, रेल्वेची माणसे होती. पूर्वेकडच्या गाड्यांचे संगणकीय आरक्षणही त्या वेळी ठप्प झाले.

माणसाच्या जिवापुढे कागदाची गोष्ट काढू नये, हे आम्हाला कळते. परंतु ज्या कचेरीत माणूस आगीपासून सुरक्षित नसतो, त्या कचेरीत त्याचे सर्व्हिस बुकही सुरक्षित नसते. मुंबईकरांना हे सांगायला नको. २१ जून २०१२ रोजी मंत्रालय पेटले तेव्हा माणसेही गेली आणि फायलीही गेल्या.

कामगारांच्या मुखपत्रात अग्रलेखासाठी दप्तरखान्याचा विषय घेतलेला पाहून काही वाचक बुचकळ्यात पडतील. पेन्शनचा प्रश्न आहे, रिक्त जागा आहेत, कंत्राटीकरण आहे. हे सोडून जुन्या कागदांची धूळ कशाला झटकायची? आमचे उत्तर सरळ आहे. पेन्शन कोणत्याही योजनेची असो, ती सेवेच्या वर्षांवर ठरते आणि सेवेची वर्षे कागदावर असतात. रिक्त जागा दाखवायची तर मंजूर पदांचा जुना कागद लागतो. कंत्राटी कामगाराने आपण अमुक इतके दिवस येथेच राबलो हे सिद्ध करायचे तर मस्टर लागतो. मालकाकडे वकील असतो, साहेबाकडे अधिकार असतो, कामगाराकडे पुरावा असावा लागतो. तो पुरावा कोणी सांभाळायचा आणि त्याचा खर्च कोणी द्यायचा, हा विषय म्हणूनच आमचा आहे.

हे खाते कलकत्त्यात कसे निघाले ते आधी पाहू. १८६० साली सँडमन नावाच्या सिव्हिल ऑडिटरने सरकारला सुचवले की, कचेऱ्यांत कागदांची गर्दी झाली आहे. किरकोळ कामाचे कागद नष्ट करावेत आणि मोलाचे कागद एका मोठ्या मध्यवर्ती दप्तरखान्यात हलवावेत. म्हणजे ही कल्पना विद्वानाच्या नव्हे, हिशेबनिसाच्या डोक्यातून निघाली. पुढे समिती नेमली गेली, कागद इकडून तिकडे फिरले आणि प्रत्यक्ष खाते उघडायला तीस वर्षे लागली. दप्तरदिरंगाई हा आजचा शोध नाही! शेवटी जी. डब्ल्यू. फॉरेस्ट यांच्या अहवालावर निर्णय झाला व तेच या खात्याचे पहिले प्रमुख झाले. फॉरेस्ट हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक, आणि मुंबई सरकारच्या रेकॉर्ड ऑफिसातील कामामुळे त्यांचे नाव झाले होते.

१९११ मध्ये राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. राजधानी घोषणेने हलली; दप्तर हलायला सव्वीस वर्षे लागली. दिल्लीतील इमारत १९२६ मध्ये वापरात आली आणि कलकत्त्यातील सगळे कागद तेथे पोहोचेपर्यंत १९३७ उजाडले. पुढे या खात्याची सूत्रे कलकत्ता विद्यापीठातील इतिहासाचे प्राध्यापक सुरेंद्रनाथ सेन यांच्याकडे आली. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. मराठ्यांच्या राज्यकारभारावर आणि लष्करी व्यवस्थेवर ग्रंथ लिहिणारे सेन ते हेच. त्यांच्याआधी बंगालच्या जदुनाथ सरकारांनी आपल्या रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाईंशी आयुष्यभराची मैत्री केली ती जुन्या कागदांवरच. पुण्याच्या पेशवे दप्तरातून सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भाग काढले. त्याआधी राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद गोळा करत होते. कागद जपला तर काय उभे राहते, हे महाराष्ट्राला आणि बंगालला कोणी शिकवायला नको.

इंग्रजांनी हे दप्तर आपल्या भल्यासाठी ठेवले, आमच्या भल्यासाठी नाही. सारा वसूल करायला, राज्य टिकवायला आणि कोण बंड करतो यावर नजर ठेवायला त्यांना कागद हवा होता. पण कागदाचा गुण असा की, तो ज्याने लिहिला त्याच्याविरुद्धही साक्ष देतो. कामगारांच्या बाबतीत हे वारंवार घडले आहे.

आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोचे कामगार १८८६ साली रस्त्यावर आले हे आपण दर १ मे रोजी सांगतो. त्याच्या चोवीस वर्षे आधी, १८६२ च्या एप्रिल-मे महिन्यात हावडा स्टेशनवर सुमारे बाराशे रेल्वे मजुरांनी आठ तासांचा दिवस मागत काम बंद ठेवले होते. युनियन नव्हती, कायदा नव्हता, रेल्वे सुरू होऊन आठ वर्षे झाली होती. हे आपल्याला कशावरून कळते? द्वारकानाथ विद्याभूषणांच्या 'सोमप्रकाश' या बंगाली साप्ताहिकाने त्याची बातमी दिली, आणि तो अंक कोणीतरी जपला म्हणून. तो एक अंक वाळवीने खाल्ला असता तर त्या बाराशे मजुरांचा संप झालाच नव्हता, असे आज म्हणावे लागले असते. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेल्या 'दीनबंधू'ची काय अवस्था आहे? गिरणी कामगारांची पहिली बाजू मांडणारे ते पत्र. त्याचे सर्व अंक एका जागी बसून वाचता येत नाहीत.

१९२८ मध्ये हावड्याजवळच्या लिलुआ वर्कशॉपमध्ये ईस्ट इंडियन रेल्वेच्या कामगारांचा मोठा लढा झाला. २८ मार्च रोजी बामनगाछी येथे कामगारांवर गोळीबार झाला. त्याच सुमारास खरगपूरला बंगाल नागपूर रेल्वेचे कामगार लढत होते. त्यांच्या आघाडीवर असलेले व्ही. व्ही. गिरी पुढे राष्ट्रपती झाले. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२९ रोजी सरकारने देशभर धाडी घालून कामगार पुढाऱ्यांना धरले आणि मीरतचा खटला उभा केला. मुंबईचे डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, जी. आय. पी. रेल्वे कामगारांत काम करणारे जोगळेकर. बंगालचे मुझफ्फर अहमद, गोपेन चक्रवर्ती, धरणी गोस्वामी. धाडीत पोलिसांनी इतिवृत्ते उचलली, पत्रे उचलली, पत्रके उचलली. आमच्या चळवळीला फासावर चढवण्यासाठी गोळा केलेला तो ढीग आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि त्या काळच्या युनियनांचा इतिहास लिहिणाऱ्याला त्याच ढिगाकडे जावे लागते. तीच गोष्ट कोलकात्याची. शेक्सपिअर सरणीवरील पश्चिम बंगाल राज्य अभिलेखागारात गुप्त पोलिसांच्या इंटेलिजन्स ब्रँचच्या जुन्या फायली आहेत. कोणत्या सभेत कोण काय बोलला, हे त्यात सापडते.

पोलिसांनी आमचे कागद आमच्यापेक्षा नीट ठेवले, ही चळवळीला विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

इतिहासाची बाजू झाली. आता पोटाची बाजू पाहू.

नागपूर विभागातील जुन्या सहकाऱ्यांना आठवत असेल की २००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वे वेगळी होईपर्यंत त्यांचे मुख्यालय कोलकात्यात, गार्डन रीचला होते. नागपूरहून बंगालला जोडणारा बंगाल नागपूर रेल्वेचा मार्ग १८९१ मध्येच पूर्ण झाला, म्हणजे रेकॉर्ड डिपार्टमेंट निघाले त्याच वर्षी. तेव्हापासून गोंदिया, इतवारी, डोंगरगडच्या कामगाराची बढती, त्याचे अपील, त्याची सिनियॉरिटी यांचा शेवटचा कागद हुगळीच्या काठी जाऊन पडत असे. झोन वेगळा होतो तेव्हा गाड्या, इंजिने, रूळ, जमीन यांची वाटणी रीतसर होते. कागदांची वाटणीही तितक्याच काळजीने व्हावी आणि तिची यादी कर्मचाऱ्यांपुढे यावी, ही मागणी आपण दर वेळी करायला हवी. कारण चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर सेटलमेंटच्या टेबलावर बसलेला बाबू विचारतो, "तुमच्या अमुक सालच्या रजेचा कागद कुठे आहे?" तो कागद कामगाराने ठेवायचा नव्हता, प्रशासनाने ठेवायचा होता; पण भोगतो कामगार.

रोजंदारीवरच्या माणसांचे हाल तर विचारू नका. १९८५ मध्ये इंदरपाल यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पांवरील कॅज्युअल कामगारांना टप्प्याटप्प्याने टेंपररी दर्जा देण्याचा मार्ग मोकळा केला आणि योजनेची तारीख १ जानेवारी १९८४ वरून मागे, १ जानेवारी १९८१ वर नेली. देशभरातल्या कॅज्युअल मजुरांच्या घरी दिवाळी व्हावी असा तो निकाल होता. पण तो लागू व्हायचा तर किती दिवस काम केले ते दाखवायला हवे. ज्याच्याकडे सर्व्हिस कार्ड होते, ज्याचे मस्टर पी.डब्ल्यू.आय.च्या कचेरीत शाबूत होते, तो तरला. ज्याचे मस्टर पावसात भिजले, तो न्यायालयात जिंकून कचेरीत हरला.

एका विभागातील प्रकरण सांगतो. एका गँगमनच्या विधवेचे कौटुंबिक पेन्शन अडले, कारण नवऱ्याच्या सर्व्हिस बुकातील कुटुंबाच्या तपशिलाचे पान वाळवीने खाल्ले होते. बाईंनी घरातली पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात नवऱ्याने जपून ठेवलेल्या प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या होत्या आणि कुटुंबाची नावे असलेल्या पासाची जुनी प्रत होती. त्यावर काम झाले. लिहिता न येणाऱ्या माणसाने जे जपले ते पगारी नोकरशाहीला जपता आले नाही! सगळ्यांच्या घरी अशी पेटी नसते. म्हणून सरकारी दप्तरखाना हवा आणि तो चालता हवा.

चालता दप्तरखाना म्हणजे काय, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले आहे. लोकांना वाटते, खोली भरून कागद आणि दारावर कुलूप, झाला दप्तरखाना. खरे काम वेगळे आहे. खात्याकडून आलेला गठ्ठा मोजून घेणे, त्याची नोंद करणे, काय कायमचे ठेवायचे आणि काय ठरावीक मुदतीनंतर काढायचे ते ठरवणे, यादी आणि सूची बनवणे; सूची नसलेला कागद असून नसल्यासारखा. मग त्याची देखभाल. कोलकात्यासारख्या दमट हवेत बुरशी हा मोठा शत्रू. कसर, वाळवी, झुरळे ही तर घरचीच. बुरशी मारायला थायमॉलची धुरी देतात. फाटलेल्या पानाला पातळ टिश्यू कागद खळीने चिकटवून ते पुन्हा उभे करतात. एक-एक पान हाताने. कागदाला साधारण बावीस ते पंचवीस अंश तापमान आणि बेताची कोरडी हवा लागते, तीही रात्रंदिवस सारखी. दिवसा साहेब असेपर्यंत यंत्र चालू आणि सहानंतर बंद, असे केले तर कागद लवकर खराब होतो. आणखी एक गोष्ट. चिंध्यांपासून केलेला जुना कागद दोन-दोनशे वर्षे टिकतो; लाकडाच्या लगद्याचा पुढचा स्वस्त कागद आपल्याच आम्लाने पिवळा पडून तुटतो. म्हणजे कंपनी सरकारचा कागद टिकेल आणि आमच्या बापाचे मस्टर आधी जाईल!

हे सारे काम करणारा माणूस कुशल कामगार आहे. वर्षानुवर्षे तेच हाताळून तो तयार होतो. तो निवृत्त झाला की त्याची जागा भरायची नाही, वर्षा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर मुले आणायची, त्यांना हातमोजे आणि नाकाला फडकेही द्यायचे नाही, हा जो प्रकार सगळ्याच सरकारी खात्यांत बोकाळला आहे तो दप्तरखान्यात विशेष घातक आहे. कोणता गठ्ठा कुठल्या मांडणीवर आहे हे डोक्यात असलेला माणूस गेला की, गठ्ठा जागेवर असून हरवतो.

कायदा नाही असे नाही. सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ मध्ये झाला, त्याचे नियम १९९७ मध्ये आले. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम त्याखाली येतात, अर्थातच रेल्वेही येते. प्रत्येक खात्याने रेकॉर्ड ऑफिसर नेमायचा आहे. ठरवून दिलेल्या रीतीशिवाय कोणताही सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येत नाही. १८९२ पूर्वीचा कागद तर पार निकामी झाला असल्याखेरीज नष्ट करायचाच नाही. हे मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महाराष्ट्राने २००५ मध्ये स्वतःचा असा कायदा केला. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते की प्रत्येक सरकारी कचेरीने आपले अभिलेख सूची करून नीट ठेवावेत. "संबंधित कागदपत्रे आढळून येत नाहीत" हे ठराविक उत्तर ज्यांना मिळाले असेल त्यांनी हे कलम लक्षात ठेवावे.

कायद्याचे काय झाले? डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या तत्कालीन महासंचालकांनीच जाहीर सभेत सांगितले की, केंद्र सरकारची १५१ मंत्रालये व विभाग आहेत, पण अभिलेखागाराकडे ६४ संस्थांचेच अभिलेख आहेत आणि त्यांत मंत्रालये व विभाग फक्त ३६. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे कागद आपल्याकडे आलेले नाहीत, हेही त्यांनी सांगितले. युद्धाचे कागद जेथे पोहोचत नाहीत तेथे गँगमनच्या मस्टरची काय कथा! दोष अभिलेखागाराचा नाही. मंत्रालये कागद देत नाहीत, आणि दिले तर ठेवायला जागा, माणसे, पैसा वाढवून मिळत नाही.

येथेच पैशाचा प्रश्न येतो. राष्ट्रीय अभिलेखागार संस्कृती मंत्रालयाच्या पदरात आहे, पश्चिम बंगालचे राज्य अभिलेखागार उच्च शिक्षण खात्याच्या पदरात. अंदाजपत्रकाच्या पंगतीत ही खाती शेवटच्या पानावर बसतात. दप्तर निर्माण करते रेल्वे, गृह खाते, महसूल खाते; सांभाळायचा खर्च संस्कृतीच्या नावे. ज्याने पसारा केला त्याने आवरण्याचा खर्च द्यावा, हा घरातला नियम सरकारला का लागू नसावा? ज्या खात्याचे कागद, त्या खात्याच्या अंदाजपत्रकातच ते सांभाळण्यासाठी कायमची तरतूद असली पाहिजे. कारण दप्तरखान्याचा खर्च एका वर्षाचा नसतो. इमारतीला एकदा रंग दिला, एक प्रदर्शन भरवले, एक योजना जाहीर केली आणि पुढच्या वर्षी विजेचे बिल भरायला पैसे नाहीत, असे केले तर दप्तर वाचत नाही.

यावर काही जण म्हणतील, इस्पितळात औषध नाही, रुळावर माणूस नाही आणि तुम्ही जुन्या कागदांसाठी पैसे मागता? प्रश्न रास्त आहे, उत्तरही ऐका. रुळावर किती माणसे असायला हवीत हे ज्या कागदावर लिहिले आहे तो नाहीसा झाला की माणसे कमी करणे सोपे जाते. इस्पितळात किती खाटा मंजूर होत्या हे सांगणारी फाईल हरवली की मागणी करणाऱ्याचे तोंड बंद होते. आणि हरवलेल्या एका सर्व्हिस बुकापायी न्यायालयात जे खेटे होतात, तारखांवर वकिलांना जे पैसे जातात, व्याजासह जी थकबाकी द्यावी लागते, त्याचा हिशेब कोणी मांडला आहे काय? दप्तर न सांभाळण्याचाही खर्च असतो; तो अंदाजपत्रकात दिसत नाही इतकेच.

सगळेच कागद ठेवा, असेही आम्ही म्हणत नाही. सँडमनचे निम्मे म्हणणे बरोबर होते. रद्दी न काढता सगळे साठवले तर कामाचा कागद त्यातच गाडला जातो. वाद आहे तो निवड कोण करणार याचा. आजवर ती बंद खोलीत झाली. ज्याच्या हक्काचा कागद, त्याला विचारले गेले नाही. आणि मनात आणले की सरकारला सगळे जमते. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या ६४ फायली पश्चिम बंगाल सरकारने १८ सप्टेंबर २०१५ रोजी कोलकाता पोलीस संग्रहालयात लोकांपुढे ठेवल्या; २३ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने आणखी १०० फायलींच्या प्रती खुल्या केल्या. चांगलेच झाले. पण नेताजींच्या कागदासाठी जी तत्परता, तिचा चौथा हिस्सा तरी साध्या माणसाच्या कागदाला मिळावा.

हल्ली प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर मिळते: स्कॅन करून टाकू. स्कॅनिंगला आमचा विरोध नाही. नागपूरच्या कामगाराला कोलकात्याचा कागद घरबसल्या दिसणार असेल तर त्याचे स्वागत आहे, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराने आपले लाखो कागद संगणकावर खुले केले ही चांगली गोष्ट आहे. पण दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली, १९९० नंतरच्या काळात ज्या कचेऱ्यांनी माहिती फ्लॉपीवर ठेवली त्यांनी ती आज वाचून दाखवावी. संगणकातले दप्तर दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवावे लागते, म्हणजे त्यालाही कायमचा खर्च आणि कायमची माणसे लागतात. दुसरी, रेल्वेत सर्व्हिस रेकॉर्ड संगणकावर चढवण्याचे काम गेल्या काही वर्षांत झाले आहे. नोंद करणारा घाईत असतो, जन्मतारखेत एक आकडा चुकतो, नेमणुकीची तारीख सरकते. मूळ पुस्तक शाबूत असेल तर चूक दुरुस्त होते. मूळ पुस्तकच रद्दीत गेले तर चूक हाच पुरावा ठरतो.

आता आपल्या घरात डोकावू. आपल्या शाखांच्या कपाटांत काय आहे? १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात ज्यांनी नोकऱ्या गमावल्या, ज्यांच्या सेवेत खंड पडला, ज्यांच्या बायकामुलांना क्वार्टरमधून बाहेर काढले, त्यांच्या याद्या कोणत्या शाखेकडे आहेत? त्या पिढीचे फार थोडे लोक आता उरले आहेत. सेक्रेटरी बदलला की जुन्या सेक्रेटरीच्या घरी गेलेली दप्तरे परत येत नाहीत, हे आपण सर्व जाणतो. ना. म. जोशी यांनी आपला पत्रव्यवहार नीट ठेवला म्हणून तो दिल्लीच्या तीन मूर्ती येथील ग्रंथालयात आज वाचायला मिळतो. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत १९९८ पासून कामगार चळवळीच्या कागदांसाठी स्वतंत्र अभिलेखागार आहे. सरकारकडे बोट दाखवताना आपली इतिवृत्ते उंदरांच्या हवाली असतील तर आपले बोलणे कोण ऐकेल?

म्हणून प्रशासनापुढे आणि सरकारपुढे आम्ही पुढील मागण्या ठेवत आहोत:

१. प्रत्येक झोन, विभाग व वर्कशॉपच्या रेकॉर्ड रूमची पाहणी करून तेथे काय आहे याची यादी जाहीर करावी. १९९३ च्या कायद्याप्रमाणे नेमलेल्या रेकॉर्ड ऑफिसरचे नाव कचेरीबाहेर लावावे.

२. अभिलेख सांभाळण्यासाठी प्रत्येक खात्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र, कायम तरतूद असावी. राष्ट्रीय आणि राज्य अभिलेखागारांची रिक्त पदे नियमित भरतीने भरावीत.

३. कर्मचाऱ्यांच्या सेवेशी संबंधित कोणताही कागद नष्ट करण्यापूर्वी त्याची यादी नोटीस बोर्डावर लावावी आणि मान्यताप्राप्त युनियनला द्यावी. हरकतीला पुरेशी मुदत असावी.

४. जिन्याखाली, तळघरात, विजेच्या पॅनेलशेजारी दप्तर ठेवणे बंद करावे. आग आणि पाणी यांपासून संरक्षणाची व्यवस्था दर वर्षी तपासावी. रेकॉर्ड रूममध्ये काम करणाऱ्यांना हातमोजे, मास्क आणि वैद्यकीय तपासणी मिळावी.

५. स्कॅन केलेली नोंद कर्मचाऱ्याने पाहून सही केल्याशिवाय अंतिम मानू नये, आणि मूळ सर्व्हिस बुक तो व त्याचे वारस यांचे सर्व दावे मिटेपर्यंत राखावे.

६. झोनचे किंवा खात्याचे विभाजन होईल तेव्हा हलवलेल्या कागदांची यादी दोन्ही कचेऱ्यांत खुली असावी.

आपल्या शाखांनाही सांगणे आहे. सर्व्हिस बुक दर वर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची असते. हा नियम पुस्तकात आहे, तो पी.एन.एम.च्या बैठकीत मागून घ्या. येत्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक शाखेने एक कार्यकर्ता दप्तराचा जबाबदार म्हणून निवडावा. त्याने जुनी इतिवृत्ते, वर्गणीची पुस्तके, संपाची पत्रके, फोटो यांची यादी करून तीन महिन्यांत केंद्रीय कचेरीला पाठवावी. ज्या निवृत्त सहकाऱ्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांच्याकडे जाऊन, मानाने मागून, पावती देऊन ते आणावेत. घरोघरच्या पत्र्याच्या पेट्याही उघडा. पगाराच्या चिठ्ठ्या, पास, बदलीचे हुकूम क्रमाने लावा, आणि मुलाबाळांना ते कुठे आहेत ते सांगून ठेवा.

हावड्याच्या त्या बाराशे मजुरांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांची मागणी तेवढी उरली. आज आपल्याजवळ युनियन आहे, कायदा आहे, कपाट आहे. आता आपलीही नावे हरवली, तर तो दोष वाळवीचा म्हणता येणार नाही.